कोतवालाला पुसणारा कोण?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पोलीस चौकीच्या पायरीविषयी अशी म्हण झाली नाही. बहुधा ती पायरी टाळण्याबद्दल कुणाला वेगळे सांगावेच लागले नसेल. चौकीत जावयाचे ते बोलावणे आले म्हणून, नाहीतर घरात चोरी झाली म्हणून. ‘आमच्या आळीच्या बंदोबस्तासाठी आपण काय करीत आहात?’ असे विचारावयास कोणी आपण होऊन तेथे गेल्याचे सहसा ऐकिवात नसते. विचारणारे ते आणि उत्तर देणारे आपण, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती अनादी आहे, असेच वाटू लागते. वस्तुतः तशी ती नाही. तिला इतिहास आहे, आणि तो सांगण्यासाठी मी आपणांस प्रथम दिल्लीच्या करोल बागेत नेणार आहे.

करोल बाग मराठी माणसाला परकी नाही. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून नोकरी करणारी कितीतरी मराठी कुटुंबे तेथे एकेकाळी बिऱ्हाड करून राहिली. वस्ती तशी फार जुनी नव्हे. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याची घोषणा झाली आणि नव्या नगरीसाठी माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार अशा जुन्या वस्त्या उठविण्यात आल्या. तेथील पुष्कळ लोकांना या बाजूस जागा मिळाली. हकीम अजमलखान यांचे तिब्बिया कॉलेज येथेच उभे राहिले. १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आज साड्या आणि सोनेनाणे घेण्यासाठी गर्दी उसळते, त्या रस्त्याला याच हकीमसाहेबांचे नाव आहे.

१९४७ च्या सप्टेंबरात या वस्तीवर जो प्रसंग आला, तो दिल्लीच्या इतिहासातील अत्यंत काळाकुट्ट होय. पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेले निर्वासित एका बाजूने शहरात येत होते आणि दुसऱ्या बाजूने करोल बाग, पहाडगंज, सब्जी मंडी येथील मुसलमान घरेदारे टाकून पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथील छावण्यांत आश्रय घेत होते. १९४१ च्या शिरगणतीत दिल्ली प्रांताची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती; १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजारांवर गेली. या आकड्यांत आलेल्यांची भर दिसते, गेलेले दिसत नाहीत. त्या दिवसांत पोलिसांवर कोणाचाच भरवसा उरला नव्हता. जे खाते रक्षणासाठी, तेच दुभंगलेले. मग गाऱ्हाणे न्यावयाचे कोठे?

१३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी उपोषण आरंभिले. पाच दिवसांनी, १८ तारखेस, राजेंद्रबाबूंच्या घरी जमलेल्या सर्व पक्षांच्या व संघटनांच्या प्रतिनिधींनी एक प्रतिज्ञापत्र तयार केले. मेहरौलीच्या ख्वाजा कुतुबुद्दीन यांच्या दर्ग्याचा उरूस पूर्वीप्रमाणे होईल, बळकावलेल्या मशिदी परत केल्या जातील, अशी कलमे त्यात होती. त्यात करोल बागेचे नाव स्पष्टपणे आले आहे. सब्जी मंडी, करोल बाग, पहाडगंज आणि अन्य वस्त्यांतून मुसलमानांना पूर्वीसारखे निर्धास्त फिरता येईल, अशी हमी नागरिकांनी दिली. पत्राच्या अखेरीस आणखी एक गोष्ट होती आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. हे सारे आम्ही आमच्या प्रयत्नांनी घडवून आणू, पोलिसांच्या वा लष्कराच्या मदतीने नव्हे, असे त्यांनी लिहून दिले होते.

या कलमाकडे दोन प्रकारांनी पाहता येते. नागरिकांनी आपल्या शेजाऱ्याच्या जिवाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली, यात मोठेपणा आहेच. पण त्यात एक कबुलीही दडलेली आहे. नागरिक आणि पोलीस यांच्यात विश्वासाने बोलण्याजोगे काही शिल्लक नव्हते, ही ती कबुली. हे नाते इतके कसे तुटले, हे पाहावयाचे तर बरेच मागे जावे लागते.

अकबराच्या काळी अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’ लिहिली. तीत कोतवालाच्या कर्तव्यांचे सविस्तर वर्णन आहे. घरांची आणि रस्त्यांची नोंद ठेवावी, शहराचे मोहल्ले पाडून प्रत्येकावर एक शहाणा माणूस नेमावा, कोण आला आणि कोण गेला याची रोजची खबर घ्यावी, रहिवाशांकडून परस्परांच्या साहाय्याचे वचन घ्यावे, इत्यादी. यात पाळतही आहे, हे लपविण्याचे कारण नाही. पण याच वर्णनात एक कलम असे की, चोर आणि चोरीचा माल कोतवालाने शोधून काढावा, नाहीतर नुकसानीस त्याने स्वतः जबाबदार राहावे! आजच्या अधिकाऱ्याला हे वाचून घाम फुटेल. प्रत्यक्षात किती कोतवालांनी पदरचे पैसे भरले, हा भाग निराळा; परंतु ज्याची चोरी झाली त्याला ‘माझ्या मालाचे काय झाले?’ असे विचारण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व सरकारदरबारी मान्य होते.

आपल्या महाराष्ट्रातील खेड्यांत तर हे तत्त्व आचरणात होते. गावाचा राखणदार, मग तो रामोशी असो, भिल्ल असो वा अन्य कोणी, चोरीचा माग काढीत निघे. पावलांचा ठसा शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचला की तेथील राखणदाराच्या हवाली माग करावयाचा; मग तो पुढे नेई. ज्याच्या हद्दीत माग हरपला, त्या गावावर भरपाईचे ओझे येई. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीची नोंद आहे. तीत अन्याय होत नसे असे नव्हे. गरीब राखणदाराच्या माथी बलिष्ठांचे पाप मारले जात असणार, हे उघड आहे. तरीही राखणदार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर ‘गावाचा’ असेच होते. त्याचे बलुते गावाकडून, त्याचा जाबही गावालाच. इंग्रजी अमलात राखणदारीचे हे हक्क काढून घेतले गेले, आणि पुरंदरच्या परिसरातील रामोश्यांत जो असंतोष उसळला, त्यातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले. ज्यांनी गाव राखले त्यांच्याच वंशजांना पुढे सरकारी दप्तराने गुन्हेगार जमात म्हणून नोंदले, ही या कथेतील क्रूर विसंगती होय.

मग पेशवाईतील शहराचे काय? येथे श्रोत्यांच्या मनात एक नाव आले असेलच. १९७२ साली विजय तेंडुलकरांचे नाटक रंगभूमीवर आल्यापासून घाशीराम कोतवाल हे नाव महाराष्ट्राबाहेरही गेले. नाटक हे नाटक. त्यावरून इतिहास ठरवू नये. परंतु इतिहासातील घाशीराम सावळदास हाही काही कमी बोधप्रद नाही. १७७७ पासून सुमारे चौदा वर्षे तो पुण्याचा कोतवाल होता. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरावयाचे नाही, फिरेल त्याची रवानगी चावडीत. पेठापेठांतून त्याच्या चावड्या होत्या आणि त्याच्या पाठीशी खुद्द नाना फडणविसांचा विश्वास होता. म्हणजे वरून पाहणाऱ्याला बंदोबस्त चोख दिसत असला पाहिजे. खालून काय दिसत होते, हे विचारण्याची सोय मात्र नव्हती.

१७९१ च्या ऑगस्टअखेर तेलंगी ब्राह्मणांच्या एका जथ्याला त्याच्या माणसांनी पकडून एका अरुंद जागेत कोंडले. हवेवाचून त्यांपैकी वीसएक जण गुदमरून मेले. मानाजी फाकड्यांनी दार उघडविले तेव्हा ही गोष्ट उजेडात आली. मग शेकडो लोक नानांच्या वाड्यासमोर जमले आणि हलेनात. चौकशी झाली, घाशीरामाची धिंड काढण्यात आली आणि अखेर त्याला जमावाच्या स्वाधीन केले. जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले.

या प्रकरणाला पुष्कळजण न्याय म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. चौदा वर्षे जो प्रश्न कोणी विचारू शकले नाही, तो एका दिवसात दगडांनी विचारला गेला, एवढेच त्यातून दिसते. कोतवालाला प्रश्न विचारण्याची जागा चावडीतच असती, रोजची असती, तर ते तेलंगी ब्राह्मणही वाचले असते आणि घाशीरामही.

दिल्लीच्या कोतवालीत १८५७ च्या उन्हाळ्यात अशी जागा काही काळ निर्माण झाली होती, असे म्हणावेसे वाटते. त्या चार महिन्यांतील कागदपत्रे इंग्रजांच्या हाती लागली आणि आज ती राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. घाईच्या शिकस्ता लिपीत लिहिलेले हे हजारो कागद. त्यांत दुकानदारांचे अर्ज आहेत, शिपायांनी माल उचलून नेल्याच्या तक्रारी आहेत, बादशहाचे हुकूम आहेत, आणि ते अमलात आणणे आपल्या आवाक्यातले नाही हे कळून चुकलेल्या कोतवालाची उत्तरेही आहेत. बादशाही बुडत होती, शहराला वेढा पडला होता आणि तरीही सामान्य माणूस कोतवालीला लिहीत होता. त्या वर्षी कोतवाली सांभाळणाऱ्या मुईनुद्दीन हसनखान आणि सय्यद मुबारकशहा या दोघांनी पुढे आपापल्या हकिकतीही लिहून ठेवल्या. कोतवालाने लिहिलेली हकिकत ही आपल्या वाङ्मयात दुर्मिळच वस्तू.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी जे नवे पोलीसखाते उभारले, ते १८६१ च्या कायद्याने. आयर्लंडसारख्या जिंकलेल्या देशात वापरलेली पद्धत नेपियरने सिंधमध्ये आणली होती; तिचाच हा विस्तार. शिपायाने जमादाराला, जमादाराने फौजदाराला, फौजदाराने सुपरिंटेंडेंटाला आणि सुपरिंटेंडेंटाने सरकारला जाब द्यावयाचा. ही शिडी वर वर जाते. खाली, रहिवाशांकडे, तिची एकही पायरी उतरत नाही. खुद्द इंग्रज सरकारने नेमलेल्या १९०२–०३ च्या फ्रेझर कमिशनने या खात्याला अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी ठरविले. परंतु शिडीची रचना बदलली नाही.

त्याच १८६१ सालची एक गमतीची पण अर्थपूर्ण नोंद दिल्लीत जपून ठेवलेली आहे. १८ ऑक्टोबर रोजी सब्जी मंडी ठाण्यात उर्दूत एक फिर्याद लिहिली गेली. दिल्लीतील ती पहिली फिर्याद मानतात. चोरीस काय गेले होते? काही डेगच्या, एक वाडगा, कुल्फी, हुक्का आणि स्त्रियांचे कपडे. एकूण किंमत पंचेचाळीस आणे. साम्राज्याने पोलीस उभारले ते राज्य टिकविण्यासाठी. पहिला रहिवासी आला तो आपल्या हुक्क्याची चौकशी करावयास! मात्र त्याने दिलेल्या फिर्यादीची नक्कल त्यालाच फुकट मिळावी, ही तरतूद होण्यास १९७३ ची फौजदारी संहिता यावी लागली. म्हणजे शंभरांहून अधिक वर्षे आपणच सांगितलेले शब्द आपल्यापाशी ठेवण्याचा हक्क फिर्यादीला नव्हता.

आता पुन्हा १९४८ कडे येऊ. प्रतिज्ञापत्रावर सह्या झाल्या त्यानंतर दोनच दिवसांनी, २० जानेवारीस, बिर्ला भवनात स्फोट झाला आणि मदनलाल पहवा हा निर्वासित तरुण पकडला गेला. २१ तारखेस मुंबईत प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी आपणास ठाऊक असलेली माहिती बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांच्या कानी घातली. मदनलालच्या जबानीत पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला होता. दिल्लीचे अधिकारी मुंबईस गेले. पुण्याचे एक वरिष्ठ अधिकारी दिल्लीत होते, ते अलाहाबादच्या लांबच्या मार्गाने आगगाडीने परतले. दहा दिवस हातात होते. ३० जानेवारीस काय झाले, ते सांगावयास नको. त्या दिवसाची फिर्याद तुघलक रोड ठाण्याच्या वहीत उर्दूतच लिहिलेली आहे. परंतु ‘तुम्ही त्या दहा दिवसांत काय केले?’ हा प्रश्न पोलिसांना रीतसर विचारला गेला तो न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगापुढे, आणि आयोगाचे काम संपले १९६९ मध्ये. राष्ट्रपित्याच्या हत्येसंबंधीचा प्रश्न एकवीस वर्षे वाट पाहत राहिला, तर करोल बागेतल्या एखाद्या शिंप्याच्या चोरीला गेलेल्या यंत्राची काय कथा!

करोल बागेच्या रहिवाशाची आणखी एक अडचण आहे आणि ती पुण्या-मुंबईच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. मुंबईतील नागरिक आपल्या आमदाराला गाठतो, आमदार विधानसभेत गृहमंत्र्यांना प्रश्न विचारतो. दिल्लीत १९५२ मध्ये विधानसभा आली, पण पोलीस हा विषय तिच्या कक्षेबाहेर होता. १९५६ मध्ये ती गेली. १९९१ च्या घटनादुरुस्तीने पुन्हा आली, तरी पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे तीन विषय केंद्राकडेच राहिले. मधल्या काळात न्यायमूर्ती खोसला यांच्या आयोगाने दिल्ली पोलिसांची पाहणी केली आणि १ जुलै १९७८ पासून तेथे मुंबई-कलकत्त्यासारखी आयुक्तपद्धती सुरू झाली. पण आयुक्त जबाबदार केंद्रीय गृहमंत्रालयाला. अजमल खान रस्त्यावरील दिवा बंद असेल तर नगरसेवक, शाळेची तक्रार असेल तर आमदार. पण चौकीसंबंधीचा प्रश्न सभागृहात विचारावयाचा तर थेट संसदेत!

याउलट आपल्याकडे भिवंडीत काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते यंत्रमागांचे गाव होरपळून निघाले होते. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी गल्लीगल्लीतून मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही धर्मांचे लोक आणि तेथील पोलीस एकत्र बसत. नळावरच्या भांडणापासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंत सर्व गोष्टी त्या बैठकीत निघत. पोलिसांनी तेथे नुसते सांगावयाचे नसे, ऐकावयाचेही असे. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही जुलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तत्कालीन आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने अशा समित्या झाल्या. अर्थात माणूस बदलला की प्रयोग थंडावतो, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. समितीत कोणाला घ्यावयाचे, हे ठाणेदारच ठरवू लागला म्हणजे विचारणाऱ्यांची जागा होयबा घेतात.

म्हणूनच कोणाच्या मर्जीवर न विसंबणारे साधन हवे होते. दिल्ली सरकारने आपल्यापुरता माहितीचा कायदा २००१ मध्ये केला, महाराष्ट्राने २००२ मध्ये. पुढल्या वर्षी अण्णा हजारे त्याच्या अंमलबजावणीसाठी उपोषणास बसले. देशव्यापी माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला आणि दिल्ली पोलीसही त्याखाली आले. दहा रुपये शुल्क भरून कोणीही लेखी विचारावे: माझ्या फिर्यादीवर कोणी, कोणत्या तारखेस, काय केले? आमच्या ठाण्यात किती जागा मंजूर आहेत आणि किती भरलेल्या आहेत? उत्तर तीस दिवसांत, आणि प्रश्न कोणाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत द्यावयास हवे. अर्ज का करता, हे सांगण्याची सक्ती नाही. तपासात अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. परंतु ‘तपास चालू आहे’ एवढे दोन शब्द लिहून भागत नाही, अडथळा कसा येईल ते दाखविले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. उत्तर न आल्यास खात्यातील वरिष्ठाकडे अपील, तेथेही न भागल्यास केंद्रीय माहिती आयोग. १८६१ च्या शिडीला खालच्या बाजूस लावलेली ही पहिली पायरी.

त्यापाठोपाठ आणखीही काही झाले. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविलीच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कोठवर आला, हे फिर्यादीला वा पीडिताला नव्वद दिवसांत कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. माग हरपला तर गाव भरपाई देई; येथे भरपाई नाही, पण माग कोठवर आला हे सांगावे तरी लागते.

तरी प्रश्न योग्य दाराशी न्यावा लागतोच. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे करोल बागेतील गुरुद्वारा रस्त्यावरील एका हॉटेलास आग लागून सतरा माणसे मेली. अशा हॉटेलास परवाना देणाऱ्यांत त्या वेळी अग्निशमन खाते होते, महापालिका होती आणि पोलिसांची परवाना शाखाही होती. साऱ्या वस्तीच्या मनात एकच प्रश्न होता. तो विचारावयाचा तर तीन दारे ठोठवावी लागत, आणि प्रत्येक दारी दुसऱ्या दाराकडे बोट दाखविता येत होते. जून २०२५ मध्ये हॉटेलांना परवाने देण्याचे काम दिल्ली पोलिसांकडून काढून घेण्यात आले. शेजारच्या हॉटेलाचे कागद पाहू इच्छिणाऱ्या करोल बागेच्या रहिवाशाला तेव्हापासून त्या प्रश्नापुरती ठाण्याची पायरी चढावी लागत नाही. तो अर्ज आता महापालिकेच्या नावे लिहावयाचा.